पॉईंटवरचा मुक्काम

गेल्या डिसेंबरात मी आणि अब्बा मुंबईतल्या एका पंचतारांकित हॉटेलात एक रात्र राहिलो, आणि खोलीचं भाडं आम्ही दिलं नाही. शाळेत स्टाफरूममध्ये ही गोष्ट सांगितली तेव्हा एका बाईंनी विचारलं, "लॉटरी लागली का?" दुसऱ्या म्हणाल्या, "कुणीतरी ओळखीचं असणार तिथे." लॉटरी नाही आणि ओळखही नाही. माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा पुण्यात हिशेब तपासणाऱ्या एका कंपनीत आहे. महिन्यातले बारा-पंधरा दिवस तो कुठल्या ना कुठल्या शहरात हॉटेलातच असतो. त्या मुक्कामांचे पॉईंट त्याच्या खात्यात जमत जातात. त्यातले पंचवीस हजार खर्चून त्याने आमच्यासाठी एक खोली घेतली. हॉटेलचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. जाहिरात करायची नाही, आणि पुढे एकदोन कुरकुरी येतील त्याही कुणाच्या माथी मारायच्या नाहीत.

आता, खेड तालुक्यात खाडीकाठी राहणाऱ्या आम्हा माणसांना मुंबईत हॉटेल कशाला हवं? मुंब्र्याला नातेवाईक आहेत, आणि डोंगरीला आमच्या गावच्या जमातीची खोली आहे. कोकणातल्या वाचकांना ही खोली समजावून सांगायला नको, पण मराठवाड्यातल्या किंवा खानदेशातल्या बहिणींसाठी थोडं सांगते. आमच्याकडची माणसं बोटीवर, गोदीत आणि गिरण्यांत कामाला जायची. प्रत्येकाला मुंबईत घर कुठून मिळणार? म्हणून गावोगावच्या जमातींनी वर्गणी काढून पागडीवर खोल्या घेतल्या. आमची खोली अठरा फूट लांब, बारा फूट रुंद, तिसऱ्या मजल्यावर. वर फळीवर ओळीने पत्र्याच्या पेट्या आणि खाली अंथरुणं. गावचा माणूस असला की पेटीला जागा आणि पाठीला जमीन मिळणारच. अब्बा बोटीवर भंडारी, म्हणजे स्वयंपाकी होते. एक सफर संपून दुसरीसाठी रोस्टरवर नंबर लागेपर्यंत कधी दोन, कधी आठ महिने याच खोलीत काढायचे. बाजूला झोपणारा गिरणीत रातपाळीला गेला की त्याच्या अंथरुणावर गोदीवाला. अंथरूण कधी थंड होत नसे, असं अब्बा सांगतात.

या वेळी मुंबईला जायची दोन कारणं होती. शनिवारी अब्बांच्या डोळ्याचं इंजेक्शन होतं. आणि रविवारी दुपारी डोंगरीच्या खोलीत जमातीची बैठक होती. इमारत जुनी, उपकरप्राप्त. जिन्याला लाकडी टेकू लावलेत त्यालाही बरीच वर्षं झाली. ती पाडून टॉवर होणार. खोलीच्या बदल्यात नियमाप्रमाणे तीनशे चौरस फुटांची सदनिका घ्यायची, की हक्क विकून आलेले पैसे एकशे चाळीस घरांत वाटायचे, हे ठरवायचं होतं. अब्बा सर्वांत जुन्या सभासदांपैकी, त्यामुळे त्यांची सही हवी होती. डोळ्यात औषध घातलेल्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाने तो जिना रात्री चढू नये असं आम्हा सगळ्यांचं मत पडलं. मुंब्र्याच्या घरी नुकतीच बाळंतीण आलेली. तेव्हा भाचा फोनवर म्हणाला, "खाला, माझे पॉईंट नाहीतरी पडून आहेत. नानांना हॉटेलात ठेवा."

अब्बांनी लगेच होकार दिला नाही. त्यांनी फोन मागून घेतला आणि पहिला प्रश्न विचारला, "हॉटेलचं बिल तू भरतोस का?"

"नाही नाना, कंपनी भरते."

"मग पॉईंट तुझे कसे? कंपनीची अमानत ती."

मला वाटलं होतं भाचा हसेल. तो हसला नाही. त्याच्या कंपनीत पॉईंट कर्मचाऱ्याने स्वतःसाठी वापरायला मुभा आहे, असं तो म्हणाला. अब्बा म्हणाले, कुठे लिहिलंय ते पाठव. दोन दिवसांनी कंपनीच्या प्रवास नियमांचं ते पान माझ्या फोनवर आलं, तेव्हा कुठे बॅग भरायला परवानगी मिळाली. हा प्रश्न म्हाताऱ्या माणसाचा अतिरेक समजू नये. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना विमानाच्या सरकारी प्रवासातून मिळालेले मैल स्वतःसाठी वापरता येत नाहीत, ते पुढच्या सरकारी प्रवासालाच लावायचे असा नियम आहे. खासगी कंपन्या बहुधा सोडून देतात. पण सोडून देतात, हे आधी विचारून घेतलेलं बरं.

गाडीत बसल्यावर अब्बांनी पॉईंटांचा हिशेब काढला. बोटीवर रेशनचा हिशेब त्यांच्याकडेच असायचा, त्यामुळे आकडे तोंडी. जगातल्या बऱ्याच मोठ्या हॉटेल साखळ्यांत एका डॉलरच्या बिलामागे दहा पॉईंट मिळतात. पंचवीस हजार पॉईंट म्हणजे अडीच हजार डॉलर, म्हणजे दोन लाखांहून जास्त रुपयांचं बिल. "दहा हजारांची खोली धरली तर वीस-एकवीस रात्री राहिलं की एक रात्र," अब्बा म्हणाले. "म्हणजे फुकट नाही. त्या वीस रात्रींच्या बिलात ही आधीच घातलेली आहे." सतत येणाऱ्या माणसाला थोड्या वरच्या पायरीवर चढवतात आणि जास्तीचे पॉईंट देतात, ते वेगळं. ही पद्धत फार जुनी नाही. १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने प्रवाशांचे मैल मोजून बक्षीस द्यायला सुरुवात केली. दोन वर्षांत हॉलिडे इन आणि मॅरियट या हॉटेलवाल्यांनी ती उचलली. एरवी रिकामी राहिली असती अशी खोली देताना हॉटेलचं फारसं जात नाही, आणि पाहुणा दुसऱ्या दारी जात नाही. शिवाय लोक पॉईंट जमवतात आणि विसरतात. दोन वर्षं खात्यात काही हालचाल झाली नाही तर काही साखळ्यांत ते बादच होतात. आमच्या भाच्याचे मात्र बाद होण्यातले नव्हते. ते तो आम्हाला पटवायला म्हणाला होता, हे नंतर कळलं.

खेडहून मध्यरात्री कोकणकन्या, पहाटे दादर, मग इस्पितळ. अकरा वाजता डोळ्यावर पट्टी बांधून मोकळे झालो. हॉटेलात प्रवेश तीन वाजल्यानंतर. मधला वेळ फलाटावरच्या बाकावर काढला. याबाबत सूचना: लवकर पोचलात तरी सामान हॉटेलात ठेवून घेतात, विचारायला लाजू नये. मी लाजले.

हॉटेल लोअर परळला, जुन्या गिरणीच्या जमिनीवर. टॅक्सी फाटकाशी थांबली तर रखवालदारांनी गाडीखाली आरसा फिरवला आणि बॅगा विमानतळासारख्या यंत्रातून गेल्या. २००८ च्या हल्ल्यानंतर मुंबईतल्या मोठ्या हॉटेलांत हे सगळीकडे आलं. पिशवीत तांदळाच्या भाकऱ्या आणि जवळ्याच्या सुक्या चटणीचा डबा होता. यंत्राच्या पडद्यावर भाकरी कशी दिसत असेल, या विचारानेच माझे कान गरम झाले. अब्बा मात्र सरळ चालत होते. त्यांना कस्टम्सची सवय.

काउंटरवर ओळखपत्र मागितलं. अब्बांनी खिशातून आधी काढलं ते आधार कार्ड नव्हे, बोटीची सीडीसी. प्रत्येक सफरीनंतर कामाचा आणि वागणुकीचा शेरा मारलेली ती वही त्यांनी अजून प्लास्टिकमध्ये जपली आहे. काउंटरवरच्या मुलीने ती उलटसुलट पाहिली, शिक्के वाचले. "सर, पान पानभर व्हेरी गुड आहे," ती म्हणाली, आणि मग आधार मागितलं.

त्यानंतर तिने माझ्याकडे वळून माझं पूर्ण नाव घेतलं आणि विचारलं, "खोली आपल्या नावावर आहे ना, मॅडम?"

भाच्याने आरक्षण माझ्या नावाने केलं होतं. पॉईंट एकाचे आणि राहणारा दुसरा असेल तर ते तसंच करावं लागतं, नाहीतर दारात अडवतात. त्यात विशेष काही नाही. पण किल्लीचं कार्ड तिने अब्बांना नाही, मला दिलं, आणि मी ते हातात धरून थोडी उभीच राहिले.

तेवीस वर्षांपूर्वी बी.एड.साठी मी मुंबईत आले तेव्हा डोंगरीच्या खोलीत सहा पेट्यांची जागा रिकामी होती. अब्बा तेव्हा बोटीवर. जमातीची ती खोली पुरुषांची, तिथे मुलगी कशी राहणार? कुणी नकार दिला असंही नाही, कारण कुणी विचारलंच नाही. मीसुद्धा विचारलं नाही. मुंब्र्याला अब्बांच्या चुलतभावाच्या घरी स्वयंपाकघरात ओट्याखाली माझी वळकटी असायची. रात्री सगळ्यांची जेवणं होऊन भांडी घासून झाली की माझी खोली सुरू व्हायची. सकाळी पहिला चहा ठेवायला कुणी आलं की संपायची. चाचीने कधी कुरकूर केली नाही, अल्लाह तिला जन्नत देवो. पण पाठाच्या टाचणवह्या मी लोकलच्या बायकांच्या डब्यात, मांडीवर ठेवून लिहिल्या.

काउंटरवर पहिली कुरकूर उभी राहिली ती अनामत रकमेची. खोलीचे पॉईंट दिलेले असले तरी वरच्या खर्चासाठी हॉटेल कार्डावर काही रक्कम अडकवून ठेवतं. आम्हाला पाच हजार सांगितले. क्रेडिट कार्ड असेल तर ती नुसती रोखली जाते. माझ्याकडे बँकेचं डेबिट कार्ड, म्हणजे पैसे खात्यातून खरोखरच गेले. परत यायला सात ते दहा दिवस. भाच्याला हे सांगायचं सुचलं नाही, कारण त्याला कधी कळलंच नव्हतं. महिन्याची पंचवीस तारीख असती तर आमची पंचाईत झाली असती.

खोली चोविसाव्या मजल्यावर. कार्ड भिंतीतल्या खाचेत घातलं की दिवे लागतात, हे अब्बांना माहीत होतं, मला नाही. न्हाणीघराला आणि खोलीला मध्ये काचेची भिंत! बाप-लेकीने अशा ठिकाणी काय करायचं? शोधल्यावर पलंगाजवळ बटण सापडलं, ते दाबलं की पडदा खाली येतो. लहान फ्रिजमध्ये बाटल्या होत्या. फोन करून सांगितलं की हे काढून घ्या, तर दहा मिनिटांत येऊन घेऊन गेले, कारणही विचारलं नाही. टेबलाच्या खणात किब्ल्याचा बाण चिकटवलेला होता. मुंबईहून किब्ला साधारण पश्चिमेला आणि आमची खिडकी पूर्वेला, त्यामुळे अब्बा दाराकडे तोंड करून उभे राहिले.

खिडकी उघडत नाही, पण दिसतं फार. खाली गिरणीचं एक धुराडं, विटांचं, तसंच राखून ठेवलेलं. त्याच्या अंगाला काचेच्या इमारती. पलीकडे रेल्वेचे रूळ, लालबागचे टॉवर, आणि दोन टॉवरांच्या फटीतून शिवडीकडचं पाणी. अंधार पडल्यावर त्या फटीत दिव्यांची एक ओळ लागली. अब्बांना एका डोळ्याने ती बोट वाटली. मी म्हटलं, अटल सेतू आहे तो, २०२४ च्या जानेवारीत सुरू झाला, जवळजवळ बावीस किलोमीटर. "मग त्याच्या मागे बोटी असतील," ते म्हणाले आणि खुर्ची खिडकीशी ओढून बसले.

त्यांचं लक्ष पाण्याकडे, माझं खाली धुराड्याकडे. इतिहास शिकवते म्हणून मला हा भाग पुस्तकातून माहीत. १८५४ मध्ये कावसजी दावरांनी ताडदेवला पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली. पुढे परळ, लालबाग, भायखळा असा सगळा पट्टा गिरणगाव झाला. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर कधी मागेच घेतला गेला नाही. नंतर उरल्या त्या जमिनी. १९९१ च्या नियमांत ठरलं होतं की गिरणीची जमीन विकसित करताना साधारण एक हिस्सा शहराला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती राहिली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. इमारती गिरणीने व्यापलेल्या, मोकळी जमीन ती किती असणार? शहराच्या आणि कामगारांच्या वाट्याला आलं ते त्या हिशेबाने.

"आपल्या खोलीतला रातपाळीवाला इथेच कुठेतरी यायचा," मी म्हटलं.

"इथेच नाही, करी रोडच्या बाजूला. संपात गावी गेला. पेटी दोन वर्षं फळीवर होती. मग त्याचा भाऊ येऊन घेऊन गेला." थोड्या वेळाने ते म्हणाले, "आता ती पेटी ठेवायलाही कोण येतं? बोटीची नोकरी गेली, गिरणी गेली. घरटी पंचेचाळीस हजार मिळतायत, तर घेऊन टाकावेत लोकांनी." अब्बांनी ते इतक्या सहज म्हटलं की मला काही सुचेना. बैठकीला ते विकायच्या बाजूने निघालेत, हे मला तेव्हा कळलं.

खालच्या उपाहारगृहाचा दर पाहून आम्ही खाली गेलोच नाही. पॉईंटात खोली येते, जेवण येत नाही. त्या रात्री रोखीने खोली घेणाऱ्याला चौदा हजार आणि वर अठरा टक्के जीएसटी पडला असता, हे भाच्याने सांगितलं होतं. एवढ्या महाग खोलीत बसून भाकरी खायची लाज वाटायचं खरं तर कारण नाही. तरी वाटत होती. डबा उघडला आणि जवळ्याचा वास खोलीभर. खिडकी बंद, कुठे जाणार तो! नेमकी तेव्हाच घंटी वाजली. प्यायच्या पाण्याच्या बाटल्या घेऊन एक मुलगा आला. वीस-बावीसचा असेल. दारातच त्याने नाक वर केलं. मी माफी मागायच्या तयारीत. तो हिंदीत म्हणाला, "सूखी मछली है ना? हमारे यहाँ भी बनती है."

मणिपूरचा होता. अब्बांनी त्याला आत बोलावून भाकरीच्या तुकड्यावर चटणी दिली. ड्यूटीवर खायची परवानगी नाही म्हणाला. मग इकडे तिकडे पाहून कागदी रुमालात गुंडाळून खिशात घातली. अब्बांनी बोटीवरच्या सवयीने विचारलं, राहतोस कुठे? कलिनाला. एका खोलीत आठ जण, सगळे त्याच्याच गावाकडचे. तिघे हॉटेलात, दोघे विमानतळावर, बाकीचे शिकणारे. खोली कुणाची? आधी मुंबईत आलेल्या एका दादाच्या नावावर होती, तो परत गेला तेव्हा पुढच्याच्या नावावर केली. मी रात्री ड्यूटीला असतो तेव्हा माझ्या गादीवर दुसरा झोपतो, असं त्याने हसत सांगितलं. नवीन पोरगा गावाहून आला की थेट तिथेच उतरतो. नोकरी लागेपर्यंत त्याच्याकडून भाडं घेत नाहीत.

तो गेला. अब्बांनी भाकरी संपवली, हात धुतले, इशाची नमाज पढली. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं झोपले. अकराच्या सुमाराला अंधारातून आवाज आला, "पोरी, कागद-पेन आहे का?"

टेबलावर हॉटेलचा कागदांचा गठ्ठा होता. बैठकीत मांडायचा ठराव अब्बा सांगत होते, मी लिहीत होते. सदनिका घ्यावी. ती जमातीच्या नावेच राहावी. विकू नये, भाड्याने देऊ नये. टॉवरच्या सोसायटीला आधीच लेखी कळवावं की इथे गावची माणसं येतील-जातील, नाहीतर पुढे रखवालदार दारात अडवेल. शेवटी मी लिहिलं, "शिक्षण, परीक्षा, औषधोपचार वा नोकरीसाठी मुंबईत येणाऱ्या गावातील व्यक्तीस तेथे उतरता येईल." वाचून दाखवलं.

"व्यक्ती म्हणजे?"

"माणूस."

"बाईमाणूसपण?"

"व्यक्तीत दोन्ही येतात, अब्बा."

त्यांनी चष्मा काढला. मला वाटलं आता म्हणतील की हे नको, वाद होईल. वाद होणार होताच. गावात आज बारावीनंतर बाहेर शिकायला जाणाऱ्यांत मुली जास्त. माझ्याच वर्गातून गेलेल्या दोघी नर्सिंगला मुंबईत आहेत. एक वसतिगृहात आणि दुसरी कुणाच्या तरी ओट्याखाली. हे मी अब्बांना कधी बोलले नव्हते, आणि माझ्या त्या ओट्याचंही नाही. त्या रात्री बोलले. फार वेळ नाही, पाच मिनिटं असतील.

अब्बा म्हणाले, "मी तेव्हा बोटीवर होतो."

"माहीत आहे."

"पत्रात लिहायचंस."

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी कागद हातात घेतला आणि वरचा हॉटेलचा शिक्का पाहिला. हे साध्या कागदावर उतरव, म्हणाले, या नावाखाली आपला ठराव नको. मी बॅगेतल्या वहीचं पान फाडून उतरवला. एक प्रत मराठीत, एक उर्दूत. उर्दूत 'व्यक्ती'च्या जागी 'शख्स' लिहिलं.

सकाळी निघताना अब्बा पलंगाशी उभे राहून विचार करत होते. कागदी चपला आणि दात घासायचा संच न्यायचा का? काउंटरवर फोन करून विचार, म्हणाले. विचारलं. ते न्यायला हरकत नाही, टॉवेल आणि झगा मात्र राहू द्यावा, असं उत्तर आलं. पाण्याच्या भरलेल्या दोन बाटल्याही घेतल्या.

डोंगरीची खोली मी त्या दिवशी पहिल्यांदा आतून पाहिली. एवढ्या वर्षांत दारापर्यंतच आले होते, अब्बांचा डबा द्यायला. फळीवर आता चारच पेट्या. भिंतीला लॅपटॉपच्या वायरी. सध्या तिथे तीन विद्यार्थी आणि एक डायलिसिसला येणारे चाचा असतात. दात घासायचे संच अब्बांनी त्या पोरांना दिले. जिना चढताना ते दोनदा थांबले.

बैठक जोहरनंतर सुरू झाली ती असरपर्यंत चालली. विकायच्या बाजूचे लोक वाईट नव्हते. एकाला मुलीच्या लग्नाला पैसे हवे होते आणि एकाचं घर पुरात गेलेलं. त्यांचं म्हणणं खोटं कसं ठरवणार? सदनिका ठेवावी यावर शेवटी बहुमत झालं. ज्यांची फारच अडचण आहे त्यांना जमातीच्या फंडातून बिनव्याजी रक्कम द्यायची, असं जोडलं गेलं. मग चिटणीसांनी शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं आणि तोच प्रश्न विचारला: व्यक्ती म्हणजे? कुणीतरी म्हणालं, 'पुरुष व्यक्ती' लिहा, म्हणजे घोळ नको. दुसरा म्हणाला, एका खोलीत बायका-पुरुष कसे राहतील? हा प्रश्न खरा होता, तीनशे फुटांत सोपा नाहीच. कुणी आळीपाळीने महिने ठरवा म्हणालं, कुणी मध्ये भिंत घाला. मी दाराजवळ बसले होते. बोलावं की नाही ते कळत नव्हतं.

अब्बा म्हणाले, "काल रात्री मी हिच्या नावावरच्या खोलीत झोपलो. मला काही झालं नाही."

लोक हसले. त्या हसण्यातच 'पुरुष' हा शब्द राहून गेला. ठरावात 'व्यक्ती' राहिली, आणि खाली एक ओळ आली की महिलांच्या व्यवस्थेचा तपशील पुढच्या बैठकीत ठरवावा. पुढची बैठक ईदनंतर आहे. हजेरीच्या वहीत अब्बांनी सही केली आणि पेन माझ्या हातात दिलं. चिटणीसांनी क्षणभर वहीकडे पाहिलं, मग रकाना बोटाने दाखवला.

अनामत रकमेचे पाच हजार नवव्या दिवशी खात्यात परत आले. भाच्याचा फोन आला की या मुक्कामाचे नवे पॉईंट मिळाले नाहीत, कारण पॉईंटवरच्या रात्रीला पॉईंट नसतात. अब्बांना सांगितलं तर म्हणाले, बरोबर आहे.